रुमालातील कागद

पुण्याच्या पेशवे दप्तरातील जुने कागद फडक्यात बांधून ठेवलेले असत आणि अशा एकेका गाठोड्याला 'रुमाल' असे नाव होते. रुमाल सोडावा, आत पुडकी निघावीत, पुडक्यांतून पत्रे, हिशेब, याद्या, निवाडे बाहेर पडावेत, असा तो प्रकार. राज्य गेले, फड गेला, कारकून गेले. रुमाल तेवढे राहिले. त्यांतून वेचे काढून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस खंड सिद्ध केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मराठी मध्यमवर्गीय घरातही असा एक रुमाल असतोच. तो बहुधा ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या खाली असतो. घराचे खरेदीखत, आजोबांची पेन्शनची कागदे, चार-पाच जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, विम्याची पावती आणि ज्याचा अर्थ आता घरात कोणालाच लागत नाही असा एखादा मोडी कागद, हा त्याचा ऐवज. हा रुमाल सहसा दोन प्रसंगी सुटतो. एक, वाटणीचा तंटा निघाला म्हणजे. आणि दुसरा, घरातील कोणी कायमचे समुद्रापार जावयास निघाले म्हणजे.

या दुसऱ्या प्रसंगाला एके काळी कागद फारसे लागत नसत. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांच्यापुढे अडचणी पुष्कळ होत्या; पण व्हिसा ही त्यांतील एक नव्हती. पुढे अमेरिकेने आपली दारे एकेक करून लावून घेतली. १९१७ च्या कायद्याने बहुतेक आशियातून येणाऱ्यांना मज्जाव झाला. १९४६ साली हिंदी लोकांसाठी वर्षाकाठी शंभर जागांची फट उघडण्यात आली. १९६५ साली देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडून आप्तसंबंध आणि कौशल्य यांवर आधारलेली नवी व्यवस्था आली आणि तेथपासून आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर यांचा ओघ तिकडे सुरू झाला. जो गेला त्याने यथाकाल नागरिकत्व घेतले आणि मग त्याला मागे राहिलेल्या भावंडांची आठवण होऊ लागली. कायद्यात त्यासाठी सोय आहे. एकवीस वर्षांवरील अमेरिकन नागरिकाला आपल्या भावासाठी वा बहिणीसाठी अर्ज करता येतो. मात्र या वर्गासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला पासष्ट हजार जागा आहेत, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला एकूण जागांच्या सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असा दंडक आहे. भारतासारख्या देशाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की, २००६ साली ज्यांनी अर्ज केले त्यांची पाळी २०२५ च्या सुमारास आली.

एकोणीस वर्षे हा काळ कागदाच्या दृष्टीने फार मोठा आहे. शाई फिकट होते, कार्यालये जागा बदलतात, साक्षीदार मरतात, आणि अर्ज केला तेव्हा जो मुलगा पहिलीत होता त्याला मिशा फुटतात.

सांगली जिल्ह्यातील एका गृहस्थांचे उदाहरण घ्यावे. ते कल्पनेने उभे केलेले आहे. परंतु अशी घरे शोधू गेल्यास गल्लोगल्ली सापडतील. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, थोरली बहीण लग्नानंतर न्यूजर्सीत गेलेली. तिने २००६ च्या एप्रिलात भावासाठी अर्ज केला. तो २०११ च्या जूनमध्ये मंजूर झाला. मंजुरीचे पत्र आले, सर्वांनी ते वाचले, आईने देवापुढे साखर ठेवली आणि पत्र रुमालात गेले. त्यानंतर चौदा वर्षे त्याची कोणी चौकशी केली नाही. मग एके दिवशी न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्स्मथ येथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राची सूचना आली आणि घरात एकच धांदल उडाली.

मागणी तशी लांबलचक नव्हती. प्रत्येकाचा जन्मदाखला, पतिपत्नींचा विवाहदाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, पारपत्र, बहिणीच्या प्राप्तीचे पुरावे. एका पोस्टकार्डावर मावेल एवढी यादी. पण यादी आणि रुमाल समोरासमोर ठेवल्यावर असे आढळून आले की, गृहस्थ एक नसून तीन आहेत.

पहिले गृहस्थ गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतले. गावच्या दप्तरात नमुना नंबर चौदा म्हणून जी नोंदवही असे, तीत १९६४ सालच्या २३ नोव्हेंबर रोजी एका पुरुष अपत्याचा जन्म नोंदला होता. बापाचे नाव होते, गाव होते, पण अपत्याच्या नावाचा रकाना मोकळा. यात नोंद करणाऱ्याचा दोष नाही. वर्दी जन्मल्याबरोबर द्यावयाची आणि बारसे बाराव्या दिवशी. नाव ठरल्यावर पुन्हा जाऊन ते लिहून आणावे, इतकी चिकाटी कोणाजवळ असते? ही नोंद सापडली तीदेखील त्यांच्या गावी नव्हे. पहिली बाळंतपणे माहेरी करण्याची आपली रीत. तेव्हा गृहस्थ जन्मले आजोळी, दुसऱ्या तालुक्यात, आणि त्यांचा दाखला त्यांनी आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत तीन आठवडे शोधला. जन्मदाखला हुडकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने प्रथम आईचे माहेर कोणते हे विचारावे, म्हणजे पुष्कळ हेलपाटे वाचतील.

दुसरे गृहस्थ शाळेच्या जनरल रजिस्टरातले. त्यांची जन्मतारीख १ जून १९६४. महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या पाहून परक्या माणसास आश्चर्य वाटेल. परंतु ती करणी ग्रहांची नसून मास्तरांची आहे. शाळा जूनमध्ये उघडे, मूल दारात उभे असे, बापाला साल सांगता येई, तारीख सांगता येत नसे. मग मास्तर सहा वर्षे भरतील अशा बेताने १ जून लिहून मोकळे होत. पुढे त्याच दाखल्यावरून शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, त्यावरून नोकरी, त्यावरून निवृत्ती आणि त्यावरूनच पारपत्र. मास्तरांच्या टाकाच्या एका फटकाऱ्याने माणूस सहा महिन्यांनी वडील झाला आणि जन्मभर तसाच राहिला.

तिसरे गृहस्थ बहिणीच्या अर्जातले. तिने २००६ साली भावाचे नाव रोमन लिपीत आपल्या कानाला योग्य वाटले तसे लिहिले होते. लक्ष्मण हे नाव कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'के-एस-एच' लावून. वामनरावांचा आरंभ कोणी 'व्ही'ने करतो, कोणी 'डब्ल्यू'ने. देवनागरीत जो माणूस अखंड आहे तो रोमन लिपीत गेला की फुटतो. शिवाय स्वतःचे, वडिलांचे आणि घराण्याचे अशी तीन नावे लिहिण्याची आपली पद्धत तिकडच्या प्रपत्रांतील दोन रकान्यांत बसत नाही. वडिलांचे नाव कधी पहिल्या रकान्यात जाते, कधी गळते.

बहिणीची स्थिती याहून अवघड होती. भाऊ आणि बहीण एकाच आईबापांची, हेच तर मुख्यतः सिद्ध करावयाचे. आणि ते सिद्ध होते दोघांच्या जन्मदाखल्यांवरील आईबापांच्या नावांवरून. बहिणीच्या दाखल्यावर आईचे पाळण्यातले नाव होते, भावाच्या नोंदीत तिला सारे घर ज्या नावाने हाक मारी ते. खुद्द बहिणीचे नाव तर लग्नात मुळापासून बदललेले. माहेरची कुसुम तांदळाच्या ताटात अनुराधा होते. आडनाव जाते, बापाचे नाव जाते, आणि स्वतःचे म्हणून जे एक नाव उरले असते तेही जाते. समारंभ मोठा गोड असतो. पण चाळीस वर्षांनी दूरच्या एका कचेरीतील अधिकारी विचारतो की, ही कुसुम आणि ही अनुराधा एकच कशावरून? उत्तर म्हणून राजपत्रातील नावबदलाची सूचना दाखवावी, तर त्या काळी ती कोणी दिलेली नसते. विवाहदाखला दाखवावा, तर तोही नसतो. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ पासून होता, महाराष्ट्राचा नवा कायदा १९९८ चा, आणि प्रत्येक विवाहाची नोंद सक्तीची करावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००६ चा. पण त्यापूर्वी लागलेल्या असंख्य लग्नांची साक्ष अग्नी, भटजी आणि कार्यालयाचा आचारी यांनीच दिलेली आहे. उशिराने का होईना, नोंदणी करून घेता येते. त्यासाठी लग्नपत्रिका, छायाचित्र आणि साक्षीदार लागतात. रुमालात हळदकुंकवाचे बोट लागलेली एक पत्रिका निघाली आणि तिने मोठे काम केले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानामुळे लोकांचे पैसे आणि कधी कधी आयुष्यही वाया जाते. कागद नसणे हा गुन्हा नाही. ज्या देशांत नोंदणी पूर्वी सैल होती त्यांची माहिती अमेरिकन कचेऱ्यांना आहे. जन्माची नोंद नसेल तर ती नसल्याचा, म्हणजे अनुपलब्धतेचा, दाखला स्थानिक निबंधकाकडून घ्यावा. त्याला शाळेचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडील माणसांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. नावाचा रकाना मोकळा असेल तर १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या चौदाव्या कलमात नाव नंतर भरण्याची तरतूद आहे. वर्षभरात नोंद झालीच नसेल तर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे; १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. दोन तारखा जुळत नसतील तर दोन्ही कागद पुढे ठेवून त्या का जुळत नाहीत हे स्पष्ट शब्दांत लिहावे. खरा गुन्हा निराळाच आहे. तालुक्याच्या गावी चहाच्या दुकानात बसून, 'पाहिजे त्या तारखेचा दाखला आणून देतो, काळजी करू नका,' असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याचे ऐकून जो बनावट कागद पुढे करतो, त्याच्यावर खोटे सांगून प्रवेश मिळवू पाहिल्याचा ठपका बसतो. आणि अमेरिकेच्या कायद्यात हा ठपका सामान्यतः जन्मभराचा आहे. एकोणीस वर्षे रांगेत उभे राहून शेवटच्या पायरीवर माणूस स्वतःच्या हाताने दार लावून घेतो. सांगलीच्या गृहस्थांनाही असा एक परोपकारी भेटला होता. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि ते उठून आले.

प्रतिज्ञापत्रासाठी ते मावशीकडे गेले. मावशी सत्त्याऐंशी वर्षांची, आजोळच्या घरातच राहणारी. ती जन्माच्या वेळी त्या घरात वावरत होती. तिला तारीख सांगता येईना. पण कार्तिकी नुकतीच झाली होती, वारीला गेलेले आजोबा परत यावयाचे होते आणि शेतात ज्वारी हुरड्याला आली नव्हती, एवढे तिने न अडखळता सांगितले. पंचांग काढून पाहता ते नोव्हेंबरच्या नोंदीशी जुळले. वकिलाने तिचे म्हणणे सरळ भाषेत उतरवले आणि तिने सही केली. अशा साक्षीदारांना फार वेळ थांबवून ठेवू नये.

चारित्र्याचा दाखला पारपत्र कार्यालयाकडून मिळतो. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. भाषांतराविषयी मात्र दोन शब्द हवेत. मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर लागते, आणि आपण दोन्ही भाषा जाणतो व भाषांतर बरोबर आहे असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. बडोद्याचा दाखला गुजरातीत, इंदूरचा हिंदीत, बेळगावचा कानडीत. आणि मराठवाड्यातील एखाद्या आजोबांचा निजामी अमदानीतला शाळेचा दाखला उर्दूत. जन्माच्या राज्याचे नावही काळाबरोबर बदललेले असते. बेळगावात १९५५ साली जन्मलेला माणूस मुंबई राज्यात जन्मला आणि गाव न सोडता पुढल्या वर्षी म्हैसूर राज्यात गेला. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. आणखी एक: परदेशी वापरावयाच्या कागदांवर अपोस्टिल नावाची मोहोर उठवून घेण्याची पद्धत भारतात २००५ पासून आहे आणि पुष्कळ देशांना ती लागतेही, अमेरिकेच्या कौटुंबिक व्हिसासाठी मात्र तिची अपेक्षा नसते. तरीही मध्यस्थांच्या सांगण्यावरून लोक दर कागदामागे पैसे मोजून ती उठवून घेतात.

प्रपत्र भरताना सर्वांत मजेदार अडचण उभी राहिली ती पत्त्यांची. वयाच्या सोळाव्या वर्षापासून माणूस कोठे कोठे राहिला ते सारे लिहावयाचे. बँकेच्या नोकरीत गृहस्थांच्या नऊ बदल्या झाल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. मग पत्नी पुढे सरसावली. "अहो, धाकट्याच्या वेळी आपण गडहिंग्लजलाच होतो ना? त्याचं बारसं त्या कौलारू घरात झालं." एवढ्यावर एक पत्ता बसला. शिधापत्रिकेवरून दुसरा, गॅसच्या पुस्तकावरून तिसरा, मुलीच्या शाळा बदलल्याच्या दाखल्यांवरून पुढचे दोन. बँकेच्या सेवापुस्तकात बदलीचे हुकूम होते. पण घर कोणते होते, ते कोणत्या महिन्यात सोडले, हे त्या बाईंच्या ध्यानात होते. एका रविवारी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसून त्यांनी चव्वेचाळीस वर्षांचा संसार महिन्यावार लावून दिला. असल्या कामात घरातील स्त्रीला प्रथम विचारण्याऐवजी सर्वांत शेवटी विचारण्यात येते, हे आश्चर्य आहे.

पैशाची हमी बहिणीने द्यावयाची होती. येणाऱ्यांचा आणि आपला संसार मिळून जितकी माणसे होतील, त्यांच्यासाठी तेथील सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यमानाच्या सव्वापट उत्पन्न दाखवावे लागते. बहीण आता निवृत्त. तिचे उत्पन्न अपुरे पडले. तेव्हा तिच्या मुलाने जोडहमी दिली. हा भाचा मामाला जन्मात चार वेळा भेटलेला. त्याच्या सहीचा अर्थ असा की, मामा-मामी तेथले नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या नावावर दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत त्यांच्या निर्वाहाची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर राहील. त्याने सही करून प्राप्तिकराचे विवरणपत्र पाठवले आणि खाली मोडक्या मराठीत एक ओळ लिहिली की, मामाने गोट्या खेळायला शिकवले होते.

आता मूळ मुद्दा. पाळी आली तेव्हा मुलाचे वय पंचवीस वर्षे अकरा महिने होते. भावाच्या व्हिसावर त्याची पत्नी आणि अविवाहित मुले येऊ शकतात, परंतु ती एकवीस वर्षांच्या आतली असावी लागतात. वरवर पाहता मुलाचा हक्क केव्हाच संपला होता, आणि घरातील सर्वांनी तसे गृहीत धरले होते. परंतु अमेरिकेत २००२ साली एक कायदा झाला आहे. खात्याच्या दप्तरदिरंगाईचा भुर्दंड मुलांना पडू नये म्हणून, अर्ज जितका काळ निर्णयाविना पडून होता तितका काळ मुलाच्या वयातून वजा करण्यात यावा, असे तो सांगतो. रांगेत घालविलेली वर्षे वजा होत नाहीत. अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंतची तेवढी होतात. शिवाय पाळी आल्यापासून वर्षभराच्या आत मुलाने व्हिसासाठी पाऊल टाकलेले असावे लागते. म्हणजे सारा भार दोन तारखांवर येऊन पडला. २००६ चा एप्रिल आणि २०११ चा जून. मधला काळ पाच वर्षे दोन महिने. पंचवीस वर्षे अकरा महिन्यांतून तो वजा जाता उरली वीस वर्षे नऊ महिने. मुलगा तीन महिन्यांनी वाचला.

या दोन्ही तारखा एकत्र असलेला कागद म्हणजे ते मंजुरीपत्र. आईने साखर ठेवली होती तेच. ते रुमालात सापडेना. चार दिवस घर उलटेपालटे झाले. शेवटी ते निघाले आईच्या पोथीत. तिने ते देवाजवळ ठेवावे म्हणून उचलले होते आणि ती २०१६ साली वारली होती.

थोरली मुलगी एकोणतीस वर्षांची. तिच्या वयातून पाच वर्षे दोन महिने वजा करूनही ती चोविशीच्या घरातच राहिली. तिचा हक्क नव्हता. तेथे कायम रहिवासी झाल्यावर बापाला तिच्यासाठी निराळा अर्ज करता येईल. त्यालाही रांग आहे, आणि मध्यंतरी तिने लग्न केले तर तो अर्ज रद्द होईल. हे तिला कोणी समजावून सांगितले नाही. गणित तिनेच केले होते, भावाचे आणि आपले, एकाच कागदावर.

कागद लावण्याचे कामही तिनेच केले. तीन माणसांच्या तीन फायली. प्रत्येकीत मूळ कागद, त्याखाली छायाप्रत, त्याखाली भाषांतर, वर अनुक्रमणिका. नावांतील फरक दाखविणारा एक तक्ता, कोणत्या कागदावर कोणते नाव आणि ते का, असा. जन्मतारखेविषयीचे निवेदन, त्याला मावशीचे प्रतिज्ञापत्र. आता हे सारे संगणकावरून पाठवावयाचे असते. पण मुलाखतीच्या दिवशी मुंबईस वांद्र्याच्या कुर्ला संकुलातील वकिलातीत मूळ कागद हाती असावे लागतात आणि अधिकारी कोणता मागेल याचा नेम नसतो. खिडकीसमोर उभे राहून पिशवी उपसणाऱ्याची जी त्रेधा उडते ती ज्यांनी पाहिली आहे ते अनुक्रमणिकेला हसणार नाहीत. वडिलांनी एकदा सारे तपासले आणि त्यांना एकही चूक सापडली नाही.

फायली बांधून झाल्यावर जमिनीवर पुष्कळ कागद उरले. जन्मपत्रिका, आजोबांची पेन्शनची कागदे, घराचे खरेदीखत, मोडी लिपीतील तो एक कागद, आणि हळदीचे बोट असलेल्या पत्रिकेची दुसरी प्रत. यांतले काहीच कोणी मागितले नव्हते. मुलीने ते पुन्हा रुमालात बांधले, रुमाल ट्रंकेत ठेवला, आणि आईने ट्रंकेची किल्ली आपल्या जुडग्यातून सोडवून तिच्या हातात दिली.